झेंडूची चौथी तक्रार

“चोर तुम्हीच पोसलाय! चौथी चोरी झाली, तरी तुमच्या चौकीला जाग नाही!”

फाटकात उभ्या पोलिसाने टोपी काढून घाम पुसला. “मावशी, आत तर येऊ द्या. मग घाला शिव्या.”

मावशींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले. आता चष्मा लावूनही सुईत दोरा जात नव्हता. उरला होता तो झेंडू. दारापुढच्या पट्टीत चार ओळी. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे फुटवे भरपूर. पाणी मुळाशी, फुलावर नाही. कललेल्या रोपाला काठी.

पोलीस वाफ्यापाशी उकिडवा बसला. “काल किती गेली?”

“पाच. सगळ्यांत टपोरी.”

“ओरबाडलेली नाहीत. देठ सफाईने कापलेत.”

“म्हणजे सराईत आहे मेला!”

“झेंडूचा सराईत चोर! हे चौकीत सांगितलं तर हसून लोळतील सगळे.”

मावशींनी आतून चहा आणला. तो नको म्हणेपर्यंत बिस्किटंही आली. दुसरी खुर्ची आधीच पुसून ठेवलेली होती.

“पडला का रे लेकीचा दात?”

“पडला. आता फटीतून शीळ घालते दिवसभर. डोकं उठवलंय.”

मावशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. चहा संपला तसा त्याने अर्ज काढला.

“एक चांगली बातमी आहे. साहेबांनी समोरच्या खांबावर कॅमेरा मंजूर केलाय. उद्या बसेल. तुम्हाला फोन करायला नको, मला हेलपाटा नको.”

“कॅमेरा नको.”

“अहो, चोर सापडेल की!”

“कॅमेरा काय चहा प्यायला येणार आहे?”

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

“बरं, अर्ज तरी पुरा करू. तक्रारीचा प्रकार, चोरी. कोणावर संशय?”

मावशींनी कप उचलले, परत खाली ठेवले. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“माझं नाव लिही. मीच कापते फुलं. आणि साहेबाला विचार, तुझ्याशिवाय महिनोन्महिने दारात माणूस येत नाही, ही तक्रार कुठल्या रकान्यात भरायची? उत्तर फोनवर नको. घेऊन ये.”