खडूच्या नळीवरची किणकिण

रत्नागिरीच्या शाळेत रसायन शिकवणारे लवू मास्तर घरी पडवीत काचेच्या उभ्या नळीत खडूची पूड भरत आणि वरून फणसाच्या पानांचा अर्क सोडत. हिरवे, पिवळे पट्टे वेगवेगळे होऊन खाली उतरत.

पूड भरताना नळीवर बांगड्यांनी हलकेच ठोकायचं काम त्यांच्या बायकोचं, सगुणेचं. त्याने पुडीत अडकलेली हवा निघून जाई.

आज ती चुलीपाशी भाकऱ्यांत गुंतली होती. मास्तरांनी एकट्यानेच पूड भरली आणि पट्टे तिरके उतरले. त्यांनी नळी ओळंब्याला लावून सरळ केली, पूड बदलली. पट्टे तिरकेच.

तिसऱ्यांदा पूड भरताना शेजारी किणकिण झाली. मास्तरांनी नळीवरची नजर काढली नाही.

“आलीस होय? जरा खाली ठोक गो.”

किणकिण खाली सरकली. पूड घट्ट बसली. अर्क सोडताच पट्टे सरळ उतरू लागले.

मास्तर हसले. “तुझ्याशिवाय माझं काही खरं नाही.”

“अहो, कुणाशी बोलताय?”

सगुणा दारात उभी होती. हात पिठाने भरलेले, बांगड्या कोपरापर्यंत वर सारलेल्या.

नळीपाशी कुणीच नव्हतं, तरी किणकिण चालूच होती.

सगुणा ऐकत राहिली. मग मायेने म्हणाली, “हळू गो बाय, काच आहे ती.”

किणकिण हळू झाली.