धर्मादायाचा दगड

“इथं उभे राहा. काट्याकडं तोंड करून.”

अनुपमाबाईंनी हातातली काठी उचलून अकोल्याच्या कापूस बाजारातला मोठा काटा दाखवला. मागची पंधरा-सोळा मुलंमुली थांबली. एकसष्ट सालच्या जानेवारीचं ऊन कोवळं होतं. बाई मात्र तापल्या होत्या.

“गाडी इथं येते, कापूस मोजतात. मग अडत जाते, हमाली जाते. आणि शेवटी दानधर्माच्या नावानं काय कापतात?”

“धर्मादाय,” जमुना म्हणाली. बाळापूरकडच्या किसनरावांची ही लेक. बापाच्या गाडीवर बसून ती या काट्यापाशी कितीदा तरी आली होती.

“धर्मादाय! कापून कोण घेतं? व्यापारी. देतो कोण? गाडीवाला. आणि दानशूर कोण?”

“ओमप्रकाश शेठ!” पोरं एका सुरात ओरडली. शेजारचा हमाल हसला.

कॉलेजातली पोरं या फेरीला ‘बाईंची परिक्रमा’ म्हणत. काट्यापासून निघायचं, शेठच्या जिनावरून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावरून, जायचं आणि कॉलेजच्या पोर्चमधल्या काळ्या दगडापाशी संपवायचं. वाटेभर एकच प्रश्न: ज्या पैशावर आपण शिकतो, तो आला कुठून?

आजची फेरी मात्र शेवटची होती. फी न भरलेल्या अकरा जणांची यादी काल फळ्यावर लागली होती. आज पाच वाजता त्यांची नावं पटावरून निघणार होती. चौथं नाव जमुनाचं. बाईंनी अर्ज केला होता, की कॉलेज गाडीवाल्यांच्या धर्मादायावर उभं आहे, तर त्यांच्या लेकरांना फी कसली? प्राचार्यांनी उत्तर दिलं, “पुरावा आणा. दान शेठजींचं आहे. दगडावर लिहिलेलं आहे. आणि पुन्हा ही फेरी काढलीत तर तुमचीही नोकरी राहणार नाही.”

तरी बाईंनी आज फेरी काढली होती.

जिनाच्या फाटकाशी बाया कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडत बसल्या होत्या. त्यांतली एक आपल्याच नादात गात होती:

“गाडीभर कापूस माझा, मूठभर गेला धर्मा,
धर्माच्या घरी बाई, कोन पुसे माझ्या कर्मा.”

बाई खिळून उभ्या राहिल्या. “ऐकलंत? पुरावा हवा म्हणतात! या बाईच्या गळ्यात आहे पुरावा. पण गळ्यावर कुणाचा शिक्का नसतो ना!”

जमुनानं हळूच विचारलं, “बाई, पैसा असा असन, तं त्या कॉलेजात शिकाव का नाई?”

“शिकायचं! आपल्याच पैशावर शिकायचं. फक्त कुणाचे उपकार मानायचे नाहीत. अगं, तो शेठ उद्घाटनाआधी आठ दिवस मेला, तरी दगडावर नाव घालून घ्यायला विसरला नाही. आणि माझे बाबा? संस्थेचे पहिले चिटणीस. वकिली सोडून ही काठी टेकत बांधकामावर उभे राहायचे. एक पैसा घेतला नाही. त्यांच्या नावाचा खडा तरी आहे का कुठं?”

पोरं काठीकडं आदरानं पाहू लागली. शिसवीची, चांदीच्या मुठीची काठी. वडील, रविकांत वकील, गेल्यापासून बाई तिच्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

पोर्चमध्ये आल्यावर बाईंनी दगडावर काठी आपटली. ‘दानवीर शेठ ओमप्रकाश यांच्या औदार्यातून.’ अक्षरं ठसठशीत होती.

बाजूला प्रयोगशाळेच्या नव्या पायऱ्या घडवत खुशालराव पाथरवट बसले होते. फेरी आली की ते नेहमी खाली मान घालत. आजही घातली.

“खुशालराव, पहार आणा. हा दगड काढायचाय.”

म्हाताऱ्याची छिन्नी थांबली. “राहू द्या ना बाई.”

“का म्हणून राहू द्यायचा?”

“चौदा वर्सं झाले बसवून. मुरला हाय भिंतीत.” त्यांची नजर बाईंच्या हाताकडं गेली. “हे काठी वकीलसायबाची होय ना?”

“त्यांचीच. आणि त्यांची लेक सांगतेय. काढा.”

गलका ऐकून प्राचार्य धावत आले. “बाई, दगडाला हात लागला तर उद्यापासून कॉलेजात पाऊल टाकायचं नाही!”

“नाही टाकत. चोराच्या नावाखालून मी चौदा वर्षं आत-बाहेर केलं, तेवढं पुरे झालं. खुशालराव, तुम्ही काढता की मी काढू?”

खुशालरावांनी एक लांब श्वास घेतला आणि पहार उचलली. चुना भुरभुर गळला. चार पोरांनी दगड उतरवून उभा केला, तशी भिंतीकडची बाजू समोर आली. तिच्यावरही काही कोरलेलं होतं. अक्षरांत चुना भरला होता. जमुना पदरानं पुसत गेली, वाचत गेली:

“हे कॉलेज काट्यावर आलेल्या हरेक गाडीच्या धर्मादायातून उभे राहिले. गाडीवाल्यांच्या लेकरांस येथे फी नाही. नाव कोणाचेही घालू नये.”

पोरांनी एकच कल्ला केला. “फी नाही! फी नाही!” जमुना दगडाला कपाळ टेकून रडू लागली. प्राचार्यांनी अक्षरांवरून दोनदा बोट फिरवलं आणि ते फळ्याकडं वळले, यादी काढायला.

बाईंनी संतापानं काठी जमिनीवर आपटली. “एवढं धडधडीत लिहिलेलं भिंतीत गाडलं! नावाची किती ती हाव त्या शेठला!”

“शेटजीले काहून बोलता?” खुशालराव पहिल्यांदाच वर पाहत म्हणाले. “हे त्याहीनंच लिवून देल्लं होतं. मरायच्या आंदी.”

“मग उलटा कुणी बसवला?”

खुशालरावांनी पहार भिंतीला टेकवली.

“मले म्हनले, फी नसन तं कॉलेज चालन कसं? मांगच्या बाजूनं शेटजीचं नाव घाल, अन् हे भिंतीकडं कर.” त्यांनी बाईंच्या मुठीतल्या चांदीकडं पाहिलं. “याच काठीनं दाखोलं होतं बाई, कुठी बसवाचा थे.”