डुलकीची परीक्षा

सुनेच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमचा आवाज हेडफोनमध्येच राहायचा, पण झांजांवर काठी पडली की खटखट घरभर व्हायची आणि सासऱ्यांच्या दुपारच्या झोपेचं खोबरं व्हायचं. "आज कमी आवाजाच्या झांजा मिळाल्या नाहीत, तर ड्रम विकायचा," असं ठरवून दोघं भरदुपारी वाद्यांच्या दुकानात आली. सासरे खुर्चीत रेलून, तोंडावर वर्तमानपत्र ओढून म्हणाले, "वाजव!" पहिल्या झांजेला वर्तमानपत्र उडालं. दुसरीला नुसता खोकला आला. तिसरी जाळीदार होती. ती वाजवता वाजवता कागदाखालून चक्क घोरणं ऐकू आलं! सुनेचा आनंद गगनात मावेना. तेवढ्यात दुकानदारानं खाली बोट दाखवलं. चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला सासऱ्यांचा पाय झोपेतच ठेका धरून हलत होता. सुनेनं लय वाढवली, पायानंही वाढवली. मग तर ती सुसाटच सुटली. कागदाखालून सासरे पुटपुटले, "अगं, हळू... दोरा तुटेल!"