मागच्या सीटचा पट्टा

दान केलेलं हृदय बर्फाच्या पेटीतून, चार अंशांवर, निपचित नेतात. ते पोचवणं माझं काम. पेटी मागच्या सीटवर ठेवली की पट्टा लावायचाच. नाहीतर कुणी माणूस बसलाय असं समजून गाडी टूं-टूं करत डोकं खाते.

त्या दुपारी आम्ही मुदतीच्या अर्धा तास आधी पोचलो. पेटी ऑपरेशन थिएटरच्या दारात सोपवली, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

ड्रायव्हरमामांनी गाडी सावलीत घ्यायला चालू केली, तर टूं-टूं!

"मामा, मागे काय ठेवलंय?"

"काही नाही, ताई."

त्यांनी सीट झटकली, चाचपली. आवाज थांबेना. शेवटी वैतागून रिकाम्या सीटलाच पट्टा लावला. गाडी गप्प.

"सेन्सरचं डोकं फिरलंय," ते म्हणाले. मला हसू आलं.

सावलीत बसून आम्ही निरोपाची वाट पाहिली. बऱ्याच वेळाने सिस्टरचा फोन आला. "हृदय सुरू झालं! छान चाललंय."

मी आनंदाने मामांकडे वळले. ते आरशात बघत होते.

मागे, सीटला चिकटून असलेला पट्टा हळूच वर आला, खाली बसला, पुन्हा वर आला.

"ताई," मामा हलक्या आवाजात म्हणाले, "यांना कुठे सोडायचं?"