एकसारखे फोटो

जुन्या सर्व्हरचं धूड आणि वायरींचं जंजाळ एकदाचं कपाटातून काढलं. घरातले सगळे फोटो तळहाताएवढ्या नव्या डब्यात हलवले. तिथंही पसारा नको म्हणून कॉम्प्युटरला सांगितलं, एकसारखे दोन दिसले की पहिला ठेव, दुसरा पुसून टाक. मग जुन्या डिस्कही कोऱ्या केल्या.

मावशी गेल्यापासून आई एका जागी बसतच नाही. आताही रिमोट घेऊन उभ्या उभ्याच टीव्हीवर फोटो मागेपुढे करत होती.

“मावशी कुठाय?”

“ही काय, खुर्चीवर. जुळी बहीण तुझी, आणि तुलाच ओळखू येईना?”

“ही मी आहे. चांगला फ्रॉक एकच होता आमच्यात. फोटोला आधी मी बसायचे, मग तोच घालून ती.”