भांड्यावर नाव घालून मिळेल

"नाव नको," मिनल म्हणाली. "नाव काय, कोणीपण घालतं. तुम्ही ते दुसरं घाला."

दुसरं म्हणजे काय, ते ईश्वरला कळलं. भाईंदर पश्चिमेला मनसुखशेठच्या भांड्यांच्या दुकानात, पायरीजवळच्या स्टुलावर तो नाव घालायचं मशीन घेऊन वीस वर्षं बसतोय. इतकी वर्षं लोक नाव घालून घ्यायचे, शेठ भांड्यात मूठभर तांदूळ टाकायचे, कारण रिकामं भांडं दुकानाबाहेर जाऊ द्यायचं नाही हा त्यांच्या वडिलांचा नियम, आणि लोक जायचे. गेल्या चार महिन्यांत मात्र दर तिसरं गिऱ्हाईक दुसरंच मागत होतं.

मिनलने घेतलेलं नवं पातेलं बगलेत धरून मोबाइल पुढे धरला. कुणाच्या तरी दुधाच्या पातेल्याचा फोटो. त्यावर ईश्वरचं अक्षर: 'बघत राहा, मी काही करणार नाही. वळून दाखवा.'

"आमच्या अख्ख्या ऑफिसात फिरलाय हा. बहिणीचं लग्न आहे, काका. तिला असलंच पाहिजे."

"ते मी आजारी असताना लिहिलं," ईश्वर म्हणाला. ठाण्याला राहत असताना लिहिलं, असं सांगावं त्या सुरात. "सतरा दिवस झोपलो नव्हतो. आता गोळी घेतो, झोपतो. दहा ते सात. आता नुसतं नाव येतं. तारीख पण येते."

खरं तर तो रोज बघायचा. भांडं मांडीवर घेतलं की दोन मिनिटं थांबायचा, आतून कोणी काही बोलतंय का म्हणून. कोणी बोलत नसे. त्या सतरा दिवसांत बोलणारा जो कोण होता, तो गोळीने गेला, की झोपलाय, की तो मुळात आपण नव्हतोच? हे त्याने डॉक्टरांनाही विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, भूक कशी आहे.

"मग एक दिवस गोळी नाही घेतली तर?" मिनलने विचारलं. शाम्पू बदलून बघा म्हणावं, इतक्या सहज.

काउंटरवरून शेठनी मान वर केली. "मी पण कधीपासून तेच बोलतो. बंद नको करू. फक्त लग्नसराईपुरती सुट्टी. डॉक्टरला विचार ना, असं काय असतं का."

ईश्वरने खिशातून दुपारची गोळी काढली आणि तळहातावर ठेवली. पांढरी, मधोमध एक रेघ. एक दिवस. नुसतं बघायला, कोण येतंय ते. त्याने मूठ मिटली.

तेवढ्यात हंसा मागच्या नळावर डबा विसळून आली. ईश्वरची बायको रोज मुर्ध्याहून बसने डबा घेऊन येते. डबा त्याला सकाळी स्वतः आणता आला असता. तो जेवला, की ती गोळी गिळताना बघते, "जीभ दाखवा" म्हणते, जीभ बघते आणि परत जाते.

"ताई, तुम्ही यांच्या मिसेस ना?" मिनल म्हणाली. "लकी आहात. तुमच्या घरी सगळ्या भांड्यांवर असेल."

"आहे ना," हंसा म्हणाली. "खपली तेवढी शेठनी खपवली. दोनशे अकरा आमच्याकडे आली. कढईवर कढईचं आत्मचरित्र आहे, त्याचा दुसरा भाग परातीवर. कुकरवर एकशे चौदा कलमं आहेत, शिट्टीने कसं वागावं त्याची. आणि पिंपावर 'पिंप' लिहिलंय. वरपासून खालपर्यंत. आतून पण."

"बाप रे. वाचून काय वाटतं?"

"डाळ अडकते."

ईश्वरने मूठ जरा घट्ट केली. "त्या सतरा दिवसांतली चांगली किती?" हे त्याने आजवर विचारलं नव्हतं.

हंसाने मनात भांडी चाळली. "दुधाचं पातेलं, विकलं गेलं ते. आणि हे." तिने हातातल्या डब्याचं झाकण उलटं करून दाखवलं. आतल्या बाजूला लिहिलं होतं, 'आज पण भेंडी'. "दोन."

"आणि तो चमचा?" ईश्वरने विचारलं.

चमचा काउंटरच्या वर खिळ्याला टांगलेला होता. शेठ तो विकत नसत. त्यावर बारीक अक्षरात होतं: 'चमचा क्रमांक सहा. बाकीचे पाच शेजारी आहेत.'

"चमचा त्यातला कुठे?" हंसा म्हणाली. "तो आपल्या लग्नाच्या वर्षीचा. तेव्हा तर तुम्ही दुपारीपण झोपायचात. घोरायचात."

ईश्वर चमच्याकडे बघत राहिला. मग मूठ उघडली, गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला आणि जीभ दाखवली. मिनलनेही वाकून बघितली.

"द्या पातेलं," तो म्हणाला.

मशीन घरघरलं. 'चि. सौ. कां. सान्वी हिस ताईकडून सप्रेम भेट.' तारीख आली. मशीन थांबलं. ईश्वरही थांबला. दोन मिनिटं झाली, तीन झाली. शेठ त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून पंख्याकडे बघत होते. मग ईश्वरने पातेलं पालथं घातलं, बुडावर थोडा वेळ मशीन चालवलं आणि पातेलं शेठकडे दिलं.

शेठनी मूठभर तांदूळ टाकून ते मिनलच्या हातात ठेवलं.

"पण खाली काय लिहिलंत?" मिनल म्हणाली, आणि बघायला तिने पातेलं उलटं केलं.

तांदूळ तिच्या चपलांवर सांडले, पायरीवर सांडले, थोडे ईश्वरच्या मांडीवर. बुडावर लिहिलं होतं:

'वाचायला उलटं केलंत ना? आत काही होतं का?'

हंसा खाली बसली आणि तांदूळ गोळा करायला लागली.

"होतं," ती म्हणाली.