सुटं सामान

माहेरी राहून मोठ्या दुखण्यातून उठलेली सून परत आल्यापासून काहीतरी लपवत होती. बघावं तेव्हा खोलीचं दार आतून बंद. त्यात आज तिनं हट्टच धरला, “आई, रोलर कोस्टरमध्ये आपण दोघीच बसू या.” पाणी कुठंतरी मुरतंय, हे सासूबाईंनी तेव्हाच ओळखलं.

रोलर कोस्टरच्या फाटकावरचा माणूस म्हणाला, “चष्मा, टोपी, कवळी, सुटं असेल ते सगळं या ट्रेमध्ये ठेवा. वर उडून जातं.”

सासूबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपलं बोळकं त्यांनी कधी नवऱ्यालासुद्धा दिसू दिलं नव्हतं, आणि ही बया ते चारचौघांत दाखवायला निघाली होती!

“तूच जा. मी नाही बसत,” त्या फणकारल्या.

सुनेनं दोन्ही हात कानांमागे नेले, डोक्यावरचे दाट काळेभोर केस अलगद उचलले आणि ट्रेमध्ये ठेवले.

“एकटीनं हे काढायचा धीर होत नव्हता, आई.”

रांगेतले सगळे माना वळवून बघू लागले. सासूबाईंनी कवळी काढून त्या केसांशेजारी ठेवली आणि बोळक्या तोंडानं रांगेवर खेकसल्या, “बघताय काय? सरका! आम्हा दोघींना पुढची सीट हवीय.”